आजारी उंदरांचे लाड

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा हळूहळू वर जातो आहे आणि रंगमंचावर काळोख आहे. हा आमच्या नाटकातला काळोख नव्हे. तो निळसर असायचा. त्यात नटाला पायरी दिसायची नाही आणि प्रेक्षकांना नटाचं धडपडणं मात्र स्वच्छ दिसायचं. हा खराखुरा काळोख. खोलीला खिडकी नाही, दाराच्या फटीवरसुद्धा काळी पट्टी चिकटवलेली. मधोमध कपाटाएवढी काळी पेटी. पेटीच्या पोटात गुंगी देऊन निजवलेला एक पांढरा उंदीर, आणि शेजारच्या स्क्रीनवर त्याच उंदराची राखाडी आकृती. समोर खुर्चीत डॉक्टरबाई बसल्या आहेत. त्यांच्या मागे हाताची घडी घालून विभागप्रमुख साहेब उभे आहेत. आणि दाराशी, रिकामा पिंजरा पोटाशी धरून, आमचा फ्यूज.

स्क्रीनवरच्या राखाडी पोटात एक लाल ठिपका उमटतो. निखाऱ्यावर फुंकर घालावी तसा फुलत जातो.

"दिसलं!" डॉक्टरबाई ओरडतात. "साहेब, दिसलं!"

साहेब चष्मा वर करतात, पुन्हा खाली करतात. "दुसरा लावा."

दुसरा आजारी उंदीर पेटीत जातो. त्याच्याही पोटात उजेड. मग एक निरोगी उंदीर जातो. त्याच्या पोटात मिट्ट काळोख. साहेब जन्मात पहिल्यांदा मान डोलावतात, आणि डॉक्टरबाई खुर्चीतून उठून, पिंजऱ्यासकट, फ्यूजचे दोन्ही हात धरतात. "काका, तुमच्या हाताला यश आहे हो!"

हा प्रवेश मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. फ्यूजने मला तो आधी फुशारकीने सांगितला आणि पुढे मान खाली घालून. दुसऱ्या खेपेला त्याने एक शब्दही बदलला नव्हता, म्हणून तो मला पाठ आहे.

फ्यूज हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. आमच्या कंपनीत तो दिवे सांभाळायला लागला आणि पहिल्याच प्रयोगात, नायक मरत असताना, सगळं नाट्यगृह अंधारात बुडालं. नायक बिचारा काळोखात मेला. मी चाचपडत त्याच्या गळ्यात पडून टाहो फोडला, आणि दिवे आले तेव्हा कळलं की मी खलनायकाला मिठी मारून रडत होते. प्रेक्षकांना वाटलं, नवं काहीतरी आहे. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून तो फ्यूज. स्वतःची ओळखसुद्धा तो तशीच करून द्यायचा.

हात त्याचा कसबी होता, पण मन फार हळवं. कुणाचे हाल त्याला बघवायचे नाहीत. एकदा भर स्वगतात आमच्या म्हाताऱ्या नटाला ठसका लागला. फ्यूजने चटकन त्याच्यावरचा झोत काढून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टाकला. दिग्दर्शक विंगेतून दातओठ खात होता, "गाढवा, माणूस बोलतोय तिकडे आणि खुर्ची कसली दाखवतोस?"

"त्यांना निवांत खोकू द्या ना," फ्यूज वरून म्हणाला.

पुढे कंपनी बसली. नाट्यगृहाचं फर्निचरचं दुकान झालं. मी घरी बसले, कुणी रेडिओवर गेलं, कुणी शिकवण्या धरल्या. फ्यूजचा मेहुणा एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात होता. त्याने शब्द टाकला आणि फ्यूजला मागच्या इमारतीत, संशोधनाच्या विभागात काम लागलं. उंदरांचे पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाणं घालायचं. आम्ही त्याची टर उडवली. "काय रे, प्रेक्षक कसे आहेत?" तो म्हणायचा, "झोपाळू आहेत, पण उठून जात नाहीत."

त्या डॉक्टरबाई मूळच्या सर्जन. आतड्यातली गाठ कापताना तिची कड कुठे संपते ते डोळ्यांना धड दिसत नाही. सर्जन बोटाने चाचपतो, अंदाज करतो, आणि कधी एखादा कण मागे राहून जातो. त्यांच्या हातून असं झालं होतं की काय ते ठाऊक नाही, पण त्यांनी शस्त्रक्रिया सोडून हेच काम धरलं होतं. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक कण बनवायचे, त्यांना असा लेप द्यायचा की ते रक्तातून जाऊन नेमके गाठीला चिकटतील, आणि मग वरून एका रंगाचा प्रकाश टाकला की ते दुसऱ्या रंगाने उजळतील. गाठ आतून दिवा लावल्यासारखी दिसेल.

फ्यूजला हे त्यांनी एका टॉर्चवर समजावलं. खोलीत अंधार केला, टॉर्च त्याच्या तळव्याखाली धरला. बोटांच्या कडा लाल झाल्या. "बघा काका, निळा, हिरवा सगळा आत अडकला. लाल तेवढा मांसातून बाहेर आला. म्हणून आमचे कण लालच उजळायला हवेत."

"म्हणजे जिलेटीन लावल्यासारखं," फ्यूज म्हणाला. दिव्यापुढे लावायच्या रंगीत कागदाला आम्ही जिलेटीन म्हणतो. डॉक्टरबाईंना ते फार आवडलं. त्या पुढे सगळ्यांना ते जिलेटीनचंच सांगायच्या.

आणि त्यांनी त्याला एक नियम सांगितला होता. पेटीत घालायच्या उंदरांना आठवडाभर आधीपासून फक्त पांढरं खाणं. डब्यातल्या त्या पांढऱ्या गोळ्या. बाकी काहीही नाही, कणभरसुद्धा नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ह्यानेही विचारलं नाही. त्याला वाटलं, पथ्य असेल.

इथेच घात झाला. पथ्य या गोष्टीशी फ्यूजचं जुनं वैर होतं. त्याचा थोरला भाऊ रुग्णालयातच गेला. शेवटी शेवटी "जिभेला काहीतरी लागू दे रे" म्हणून गयावया करायचा, आणि फ्यूजने, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, पेजेखेरीज काही दिलं नाही. भाऊ त्यानंतर फार जगलाच नाही. पथ्य पाळून काय मिळवलं, हे कोडं त्याच्या मनात तसंच राहिलं होतं.

इकडे आजारी उंदरांच्या पोटात गाठी. कोपऱ्यात अंग आखडून बसायचे, पांढऱ्या गोळ्या हुंगून तोंड फिरवायचे. फ्यूजच्या घरी बायको पालक निवडायची, तेव्हा बाजूला पडलेली पानं आणि कोवळी देठं तो पिशवीत घालून नेऊ लागला.

"उंदरांचे लाड चाललेत!" वहिनी मला सांगायची. "घरात बायकोला कधी पाणी विचारलं नाही या माणसाने."

"तू कुठे कोपऱ्यात गप्प बसतेस?" फ्यूज म्हणायचा.

पानं बघितली की उंदीर उठायचे, दोन पायांवर उभे राहून पुढच्या पंजांत देठ धरून कुरतडायचे. फ्यूजला धन्य वाटायचं. निरोगी उंदरांना मात्र त्याने पान दिलं नाही. धडधाकट आहेत, त्यांचे कसले लाड? नियमातून त्याने जेवढी पळवाट काढली ती फक्त आजाऱ्यांपुरती.

आणि मग तो उजेड दिसला.

याआधीचे डॉक्टरबाईंचे प्रयत्न फसले होते. यंदाही काही हाती लागलं नाही तर ही खोली दुसऱ्या कुणाला देईन, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे उजेड दिसल्यावर कुणालाच दम निघेना. शहरातल्या सर्जनांची मोठी सभा तोंडावर आली होती; तिथे डॉक्टरबाईंनी बोलायचं ठरलं. गाठी बाहेर काढून तपासायचं काम बाकी होतं, पण ते मागाहून करता येईल, आधी सभा, असं साहेब म्हणाले.

फ्यूजचे ते दिवस सोन्याचे होते. माझ्याकडे येऊन चहा घेताना त्याची मान ताठ असायची. "ताई, उद्या माणसांच्या पोटात असे दिवे लागतील. कुणाच्या? माझ्या उंदरांच्या जिवावर!"

मग एके दिवशी कॉलेजची मुलं प्रयोगशाळा बघायला आली. फ्यूज पिंजरे लावत होता. एका मुलीने डब्यातल्या गोळ्या बघून विचारलं, "मॅडम, यांचं खाणं असं पांढरंफटक का?"

डॉक्टरबाई हसत म्हणाल्या, "नेहमीच्या खाण्यात हिरवा पाला असतो ना, तो आमच्या प्रकाशात आपोआप लाल उजळतो. तो पोटात असला तर उंदीर दिवाबत्ती केल्यासारखा दिसेल, आणि आम्ही कणांच्या नावाने नाचत बसू!"

मुलं हसली. फ्यूजसुद्धा हसला. सगळे हसले की हसायची आमची नाटकवाल्यांची सवय. मग त्याचे कान तापले. हातातला पिंजरा त्याने खाली ठेवला, मोरीपाशी गेला आणि धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवायला लागला.

त्याला अजून आशा होती. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा त्याने पिशवीतलं पालकाचं एक पान काढलं आणि काळ्या पेटीत ठेवलं. बटणं दाबताना डॉक्टरबाईंना त्याने किती वेळा पाहिलं होतं; शेवटी दिव्यांचीच पेटी ती. त्याने दार लावलं, दिवा सोडला आणि स्क्रीनकडे बघितलं.

पान पेटलं होतं. देठापासून टोकापर्यंत, शीर न् शीर. "ताई," तो मला म्हणाला, "अख्ख्या आयुष्यात इतका सुरेख उजेड मी कधी पाडला नाही. आणि मला वाटलं, आत्ता धरणी दुभंगली तर बरं."

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. पण लाज कशी असते बघा. चूक केल्याची लाज एकवेळ बोलता येते. चूक केल्यावर आपण मिरवलो त्याची लाज बोलता येत नाही. डॉक्टरबाई समोर आल्या की हा भुसा शोधायला जायचा. एकदा त्यांनी त्याला बळेच स्क्रीनपुढे बसवलं. भाषणाची चित्रं तयार झाली होती. शेवटच्या चित्रात आभार होते, आणि साहेबांच्या नावाखाली ह्याचं नाव. खरं, पूर्ण नाव.

"काका, नीट लिहिलंय ना? बघा तरी!"

"चष्मा घरी राहिला," फ्यूज म्हणाला. चष्मा नाकावर होता. त्यांनी तो गमतीचा भाग समजून घेतला.

त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला. चहाला हात लावला नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "ताई, तुम्ही फोन कराल का त्यांना? तुमचा आवाज चांगला आहे."

"माझा आवाज कशाला? चूक तुझी, आणि बोलू मी?"

"माझं तोंडच उघडत नाही."

"मग त्या सर्जनांपुढे त्यांचं उघडू देत. पालक दाखवून म्हणू देत, ही बघा गाठ. उद्या दुसऱ्या कुणी करून बघितलं आणि काही दिसलं नाही, तर लबाड कोण ठरेल? तू की त्या?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "उद्या सभागृहात तालीम आहे," म्हणाला. "मॅडम म्हणाल्या, काका, तुम्ही नाटकातले, दिवे तुम्हीच सांभाळा. तालमीआधीच सांगतो त्यांना. ताई, तुम्ही येता का? नुसत्या बसा. तुम्ही असलात की मला बरं पडेल."

मी गेले. रुग्णालयाचं सभागृह आमच्या जुन्या नाट्यगृहापेक्षा चकचकीत, पण खुर्च्या तशाच करकरणाऱ्या. मी शेवटच्या रांगेत, फ्यूजच्या दिव्यांच्या बटणांशेजारी बसले. पुढच्या रांगेत साहेब. व्यासपीठावर डॉक्टरबाई, हातात कागद, आणि चेहरा असा की मला माझा पहिला प्रयोग आठवला.

"आधी सांगणार होतास ना?" मी कुजबुजले.

"जिन्यात भेटल्या. घाईत होत्या."

"तू घाईत होतास."

"हो."

डॉक्टरबाई बोलू लागल्या. छान बोलत होत्या, जिलेटीनही आलं. मग त्या म्हणाल्या, "काका, दिवे." फ्यूजने सभागृह अंधारात नेलं. इतकं अलगद, की जुन्या दिवसांची चाहूल लागली. मोठ्या पडद्यावर राखाडी उंदीर आला, पोटात लाल उजेड. "गाठीला चिकटलेले आपले कण," डॉक्टरबाई म्हणाल्या.

फ्यूजने सगळे दिवे लावले. एकदम, धाडकन. चित्र फिकुटलं.

"कोण आहे तिकडे?" साहेब ओरडले. "अहो, दिवे!"

फ्यूज मधल्या वाटेने पुढे चालत गेला. मी आयुष्यभर माणसांना रंगमंचाकडे चालत जाताना पाहिलंय, पण इतकं वाईट चालणारं माणूस पाहिलं नाही. पाय कुठे टाकावेत तेच त्याला सुचत नव्हतं. पहिल्या रांगेशी थांबला. वर बघितलं नाही.

"मॅडम, तो तुमच्या कणांचा उजेड नाही. पालकाचा आहे."

"कशाचा?" साहेबांनी विचारलं.

"पालकाचा. भाजीचा. घरून आणून मी घालत होतो."

साहेब हसले, आणि ते हसणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "वा! सगळ्या सर्जनांना बोलावून आपण त्यांना भाजी दाखवणार होतो. काय उजेड पाडलात हो!"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "कुणाकुणाला घातलात, काका?"

"आजारी होते त्यांना."

"आणि निरोगी होते त्यांना?"

"त्यांना नाही. त्यांना कशाला?"

त्यांनी डोळे मिटले. त्यांना तेवढ्यात सगळं कळलं. सगळ्यांना घातला असता तर सगळेच उजळले असते आणि पहिल्याच दिवशी संशय आला असता. ह्याच्या दयेने नेमकी तीच पोटं निवडली होती जी त्यांना उजळायला हवी होती.

"मी सांगितलं होतं तुम्हाला. कणभरसुद्धा नाही म्हणाले होते."

"हो."

"मग?"

भावाचं नाव तो घेईल असं मला वाटलं होतं, घेतलं नाही. डॉक्टरबाईंनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या, पुन्हा विस्कटल्या. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या.

नाटकात कबुलीजबाबानंतर पात्राचा चेहरा उजळतो. उजळतो म्हणजे काय, आम्ही उजळवायचो. डाव्या बाजूने हलका पिवळा झोत टाकून. त्या सभागृहात सगळे दिवे लख्ख लागलेले होते आणि परत येणाऱ्या फ्यूजच्या चेहऱ्यावर त्यातला एकही पडत नव्हता. मी त्याची पाठ थोपटायला गेले, त्याने अंग चोरलं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेला नाही. कुणी काढून टाकलं नव्हतं. त्याचं त्यानेच ठरवलं. घराबाहेरही पडेना. मी भेटायला गेले तर वहिनी दारातच म्हणाली, "ताई, आता माझ्या घरात पालक निवडायचीसुद्धा चोरी झालीय. ह्यांच्यापुढे टोपली ठेवली की हे उठून आत जातात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला तरी कुठे कळलं? मीच कोवळी कोवळी देठं वेगळी काढून ठेवत होते."

मी बसले असतानाच दार वाजलं. डॉक्टरबाई होत्या. वहिनी गडबडली, खुर्चीवरचे कपडे उचलून कुठे ठेवावेत ते न कळून हातातच धरून उभी राहिली. फ्यूज उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला, पोरासारखा.

डॉक्टरबाईंनी पाणी घेतलं. रागावलेल्या दिसत नव्हत्या, पण दमलेल्या होत्या. सभेत त्यांनी स्वतःच उभं राहून सांगितलं होतं, की जो उजेड दाखवायचा होता तो खाण्याचा निघाला. कणांचं अजून काही सांगता येत नाही. "कुणी काही बोललं नाही," त्या म्हणाल्या. "लोक चहाला गेले. साहेबांनी खोली मात्र आणखी काही महिने ठेवलीय. रागाने ठेवली, पण ठेवली."

मग त्यांनी नेटाने सगळं विचारून घेतलं. केव्हापासून, कोणकोणत्या पिंजऱ्यात, मूठभर की पान दोन पानं. फ्यूजने एकेक सांगितलं. प्रत्येक उत्तरासरशी तो भिंतीत आणखी थोडा शिरत होता. एका ठिकाणी वहिनीने मध्येच आठवण दिली, "त्या दिवशी जुडी मोठी होती, अहो," आणि मग जीभ चावली.

सगळं झाल्यावर डॉक्टरबाई उठल्या. दाराशी थांबल्या. "काका, परत या. नवा माणूस त्यांना शेपटीने उचलतो. तुम्ही ओंजळीत घ्यायचात, ते मी बघितलंय. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचंय."

वहिनीने कपड्यांच्या गठ्ठ्याआडून नवऱ्याला कोपराने ढोसलं. "येतो म्हणा ना!"

"एवढंच सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "की ह्या खेपेला नियम पाळाल."

फ्यूजने पहिल्यांदा मान वर केली. लाजेने त्याचा चेहरा काळवंडला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"आत्ता तुमच्यासमोर मी हो म्हणेन, मॅडम. पण त्यातला एखादा कोपऱ्यात अंग आखडून बसला, की माझा हात परत पिशवीत जाणार. मला त्या खोलीत ठेवू नका."